निळ्या शेवेवरचे पाय

दसरा सरला आणि पऱ्हाटीची बोंडं उकलायला लागली की माझ्या पायांना वेड लागतं. मी खुर्चीत बसून पेपर वाचत असतो आणि हे दोघे खाली आपापसांत काहीतरी ठरवत असतात. बायको म्हणते, "पाय आहेत का शिलाईची मशीन?" मागच्या साली तर ते मला खुर्चीतच ठेवून बोरी अरबच्या बसस्टँडवर फिरून आले. हे मी सांगतो तेव्हा ती विश्वास ठेवत नाही. पण मी दिवसभर घरात असताना चपलेला चिखल कुठून लागला, याचं उत्तर तिच्याजवळही नाही.

या दिवसांतला वाराच तसा. ना थंड, ना गरम. नुसता हुंगत फिरणारा. कापसाचे पुंजके उडतात, चहात पडतात, भुवयांवर जाऊन बसतात. एकदा आमच्या गावच्या न्हाव्यानं एका म्हाताऱ्याचं अर्धं डोकं भादरलं आणि मग त्याच्या लक्षात आलं की म्हातारा मुळातला टकला आहे. कापला तो कापूस. अशा हवेत माणूस एका जागी बसेल कसा? जो तो निघालेला. कोणी शेताकडे, कोणी जिनिंगकडे, कोणी नुसताच रस्त्याच्या या कडेवरून त्या कडेला.

मला मात्र आठवतो तो कापसाविना आलेला कापसाचा हंगाम. बोंडअळीचं ते साल. पऱ्हाटी कमरेएवढी, हिरवीगार, दृष्ट लागावी अशी. आणि बोंड उकलून पाहावं तर आत अळी अशी ऐसपैस बसलेली, की आपणच "चुकलो बाई" म्हणून बोंड परत मिटावं. गावाच्या कडेचं जिनिंग त्या साली सुरूच झालं नाही. एरवी हंगामभर त्याचे रेचे, म्हणजे कापसातून सरकी काढणारी यंत्रं, घरघरायचे; त्या घरघरीत आमची बारशी झाली, लग्नं झाली, भांडणं झाली. ती थांबली तर शांततेनं आमचे कान ठणकायला लागले. माणसं घरातून निघून चौकात येत, चौकात काही नाही म्हणून घरी जात, आणि घरीही काही नाही म्हणून परत चौकात येत. कुत्रीसुद्धा एका जागी झोप पुरी करत नव्हती.

या सगळ्यांत बेचैन प्राणी म्हणजे माझा किसनमामा, आईचा धाकटा भाऊ. मामा कापूस खुंदायचा. ज्यानं कापसाची बंडी, म्हणजे बैलगाडी, भरताना पाहिली नसेल त्याला सांगतो: वेचलेला कापूस फुगलेला असतो, तसाच भरला तर चार टोपल्यांत बंडी संपते. म्हणून एक जण वर चढतो, खालचे टोपली देत जातात आणि तो पायांनी तुडवत, दाबत कापूस बसवत जातो. हे खुंदणं. कोणीही करतो. पण मामा करायचा ते वेगळंच होतं. टाच आधी, मग चवडा, मग अख्ख्या देहाचा भार, आणि तोंडानं बारीक "हूं". मामानं खुंदलेली बंडी रिकामी करायला जिनिंगवाले कुदळ मागवत. एकदा एका पाटलाच्या शेतातला घरभर कापूस त्यानं एकाच बंडीत बसवला आणि वर जागा उरली म्हणून पाटलाला सहकुटुंब बसवलं. बैलांनी मागं वळून पाहिलं आणि तिथंच खाली बसले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. निदान पाहिल्यासारखं आठवतं. दारव्ह्यापर्यंतचे लोक त्याला बोलवायला यायचे. वर उभा असला की मामा कमरेवर हात ठेवून सगळ्या शिवारावर नजर फिरवी. त्या उंचीवर त्याला मी कधी कोणापुढे वाकलेला पाहिला नाही.

आणि त्या साली खुंदायला कापूस नाही. मामा घरात फिरायचा. ओसरीतून मागल्या दारी, मागल्या दारातून ओसरीत. शांतामामी बाजारात शेव विकायची. ती कढईपुढं बसलेली आणि हा तिच्या भोवती घिरट्या घालतोय.

"बसा ना जरासे," मामी म्हणायची. "भुईले भोक पाडून राह्यले तुमी. उद्या त्यातून पाणी लागन अन् सरकार म्हणन, इहीर कोणाले इचारून खोदली?"

"बसून काय करू?"

"बाकीचे लोक काय करतात? बसतात."

"मले नाई जमत," मामा म्हणायचा आणि पुन्हा मागल्या दारी.

अशात उमरखेडचा शेंडे मुकादम आला. मामाच्या लांबच्या नात्यातला. कधीकाळी गाव सोडून समुद्राकाठच्या एका रिफायनरीत ठेकेदाराकडे लागला आणि तिथंच मुकादम झाला. रिफायनरी दुरुस्तीसाठी बंद ठेवतात, तेव्हा आतल्या कामाला तात्पुरती माणसं लागतात. ती गोळा करणं हे त्याचं काम. सगळ्यांना जयभीम करत तो विहाराच्या ओट्यावर बसला आणि पिशवीतून त्यानं लोणच्याची एक बरणी काढून समोर ठेवली. बरणीत निळी शेव. खरंच निळी. आमच्या पंचरंगी झेंड्यातल्या पहिल्या पट्टीची आठवण व्हावी इतकी. बारीक, तुटकी, कोरडी.

मी हात घातला. "खाऊ नको बे," शेंडे म्हणाला, "मरशीन." मामीनं एक तुकडा चिमटीत धरून पाहिला आणि तज्ज्ञाच्या गांभीर्यानं निकाल दिला, "कच्ची हाये. तेल तापलं नवतं."

शेंडे हसला आणि सांगायला लागला. तो सांगायचा असं, की रिफायनरी त्याच्याच परसात आहे. "जमिनीतून निघते ते तेल घाण रायते. त्यात गंधक. तसंच डिझेल करून जाळलं त तो गंधक धुरातून आपल्या छातीत. आता सरकारनं सांगतलं, डिझेल साफ पाह्यजे. म्हून तेल तापवाचं, त्यात हायड्रोजन दाबून भराचा, अन् दोघाईले मिळून या शेवेच्या ढिगातून सोडाचं. ढिगात काय होते, का हायड्रोजन गंधकाचा हात धरते अन् त्याले तेलातून पळवून नेते. तेल साफ."

"अन् शेव?" मामीनं विचारलं. तिचा धंदाच तो.

"शेव तिथंच. ते खर्चत नाई. दुसऱ्याईचं जमवून देते अन् आपण बाजूले."

"मंग दलाल म्हणा ना सरळ."

"दलाल म्हणा. पण हा दलाल आता निळा हाये तवरक बेकार. यात मॉलिब्डेनम नावाची धातू हाये, कोबाल्ट हाये. टाकीत भरल्यावर आधी यालेच गंधक पाजा लागते. पिऊन पिऊन निळी शेव काळी होते, धातूचं सल्फाइड होते, अन् मंग कुठं ते कामाले लागते. गंधक काढाचा असन त आधी गंधकच पोटात घ्या."

हे ऐकून विहाराच्या ओट्यावर सगळ्यांनी विचारवंतासारख्या हनुवट्या खाजवल्या. विचारलं फक्त मामानं. "आम्ही काय कराचं?"

शेंडे जरा खाकरला. खरी गोष्ट इथून सुरू होत होती. "टाकी लोखंडाची, ताडाच्या झाडाएवढी उभी. वरून कापडी नळीनं ही शेव सोडतात. आत माणूस उतरते अन् ढीग सारखा पसरते. उंचवटा नाई, खड्डा नाई. मागच्या खेपेले मी आपल्याच जिल्ह्यातले पोट्टे नेलते. चांगले, मेहनती. आत उतरले. ढीग पाह्यला." तो थांबला. "अन् खुंदला."

त्यानं कपाळावर हात मारला.

"कापूस समजून खुंदला. मी वरून वरडून राह्यलो, पण आत काय ऐकू येते? शेवेचा भुगा झाला. भुग्यातून तेल जाईना. दाब चढला, कारखाना बंद करा लागला, सारी टाकी पुन्हा रिकामी केली. तवापासून ठेकेदार म्हणते, इकडचा माणूस नको. पाया पडून एका टोळीची परवानगी मागून आणली मी. आता कोणी खुंदलं त मायी मुकादमकी गेली अन् आपल्या भागाचं नाव कायमचं गेलं."

सगळ्यांनी खेदानं माना हलवल्या. मामा मात्र पुढं सरकला. त्याच्या डोळ्यांत कित्येक दिवसांनी चमक होती. "शेंडे, चांगलं खुंदलं होतं का?"

"लय चांगलं," शेंडे दुःखानं म्हणाला.

"कोण होते पोट्टे?" मामानं विचारलं.

बंद जिनिंगमध्ये सरकी साठवायचा एक गोल हौद होता, तिथं शेवेवरून न खुंदता चालायची आमची शाळा भरली. निळी शेव बरणीपुरतीच, तेव्हा हौदात मामीची पिवळी शेव पसरली. पायांखाली पातळ फळ्या बांधायच्या, म्हणजे वजन पसरतं. हातात लांब दांड्याची पाटी, तिनं ढीग सारखा करायचा. पाऊल उचलायचं नाही, सरकवायचं. पाण्यावरून होडी जावी तसं. मग शेंडे सगळी शेव चाळणीतून गाळायचा. खाली भुगा पडला की नापास.

मी पहिल्याच दिवशी पास झालो. माझे पाय जन्मतःच कामचुकार. जमिनीवरसुद्धा ते उपकार केल्यासारखे टेकतात. गावातले झाडून सगळे आळशी भराभर पास झाले. ज्याला कोणी बांधावर उभं करत नव्हतं असा एक जण तर शेवेवरून इतका अलगद गेला, की शेंडेला शंका आली, हा उतरला होता की नाही. त्या हंगामात आमच्याकडे जगाची उलथापालथ झाली होती: कामाच्या माणसाला काम नाही आणि बिनकामाच्याला समुद्र पाहायचं तिकीट.

मामा उतरला. पहिलं पाऊल, कर्र. दुसरं पाऊल, कर्र. मऊ ढिगाचा स्पर्श झाला की त्याची टाच आपोआप उचलायची, आणि ती अर्ध्यात असतानाच त्याचा चेहरा पडायचा, कारण तोंडातून "हूं" आधीच निघून गेलेलं असायचं. चाळणीखाली पीठ. रोज पीठ. मामी ते घरी न्यायची; त्या दिवाळीत आमच्या आळीतल्या सगळ्या रश्शांना एकच दाटपणा होता आणि लोक म्हणायचे, आज किसननं बरंच खुंदलेलं दिसते.

त्यानं काय नाही करून पाहिलं. घरात पापड अंथरून त्यावरून चालला. मामीनं पायात घुंगरू बांधून दिले, वाजले की समजावं टाच आपटली. तर संध्याकाळी लोक विचारायला आले, कोणाकडे लग्न आहे. शेवटी एकदा नदीवर आम्ही दोघंच होतो. मामा काठावरही उभा राहत नव्हता, वाळूत येरझारा घालत होता. त्याच्या मागं वाळू अशी घट्ट बसलेली, की तिच्यावरून एस.टी. गेली असती.

"भाच्या," तो म्हणाला, "तुमी सारेजण चालले जासान."

"पुढच्या खेपेले तू येशीन ना मामा."

"पैशाचं नाई सांगून राह्यलो मी. मले कोणी बोलावत नाई आता. सकाळी उठलो का हे पाय इचारतात, कुठं जावाचं? काय सांगू मी याईले? दोन महिने झाले, खोटं सांगून राह्यलो. म्हणतो, उद्या."

थापा मारायला मी कधी कमी पडत नाही, पण त्या वेळी एकही सुचली नाही.

निवडीच्या दिवशी हौदाच्या कडेनं अर्धं गाव उभं होतं. मामी चाळणी घेऊन आली होती. मामाचं नाव शेवटी. तो उतरला, फळ्यांवर उभा राहिला. पाय चुळबुळायला लागले; बांधलेल्या बैलाला दुसऱ्याची बंडी जाताना दिसावी, तसे. टाच उचलायला लागली. मामानं खाली पाहिलं. मग तो वाकला, फळ्यांच्या दोऱ्या सोडल्या, फळ्या आडव्या सरकवल्या आणि त्यांवर गुडघे टेकले.

ज्या माणसाला मी बंडीवर कमरेवर हात ठेवून उभा पाहिला होता, तो शेवेवर गुडघ्यांवर आला. त्यानं पाटी घेतली. एक फळी पुढं, त्यावर गुडघा. दुसरी फळी पुढं, त्यावर गुडघा. रांगत, ढीग सारखा करत तो अख्ख्या हौदातून फिरला. कोणी हसलं नाही. एरवी आमच्या गावात माणूस शिंकला तरी हसतात.

शेंडेनं चाळलं. चाळणीखालचं ताट कोरडं. त्यानं ताट उन्हात धरून पाहिलं, बोट फिरवलं. "उठा किसनभाऊ," तो म्हणाला.

"उठलो त खुंदीन," मामा हौदातून म्हणाला.

"नका उठू मंग. तसेच चाला."

मामीकडे मी पाहिलं. तिच्याजवळ एक तरी टोमणा तयार असणार, अशी माझी खात्री होती. तिनं फक्त चाळणी झटकली, पुन्हा झटकली, आणि रिकामी चाळणी झटकतच राहिली.

रिफायनरीबद्दल मी इथं फार सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही म्हणाल, हा वाढवून सांगतो. एवढंच, की टाकी इतकी खोल होती, की वरून हाक मारली तर पोचेपर्यंत जेवणाची सुट्टी व्हायची. आत निळा ढीग, वर नाण्याएवढं आभाळ, मधून कापडी नळीतून शेव येण्याची सरसर, आणि मामा गुडघ्यांवर. त्यानं सारखा केलेला ढीग कोणी पातळी लावून पाहिला असता तर पातळी लाजली असती. भरून झाल्यावर टाकी बंद केली आणि मग तिला गंधक पाजलं. त्यासाठी वापरतात त्या द्रवाचा नुसता एक थेंब बाहेर सांडला. अख्ख्या तालुक्याचा कांदा एका पिंपात सडावा असा वास, आणि तो माझ्या सदऱ्यात बसून थेट यवतमाळपर्यंत विनातिकीट आला. बसमध्ये माझ्या आजूबाजूच्या बाकांवर कोणी बसलं नाही. इतका ऐसपैस प्रवास मी पुन्हा केला नाही.

तिथल्या एका इंजिनिअर साहेबांनी सांगितलेली एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणाले, ते काळं सल्फाइड म्हणजे पापडाच्या चळतीसारखं, थरांवर थर. पण गंधक पकडायचं काम थराच्या मधोमध होत नाही. मधला भाग नुसता पसरलेला असतो. काम होतं काठावर. जिथं थर संपतो, जिथं काहीतरी अपुरं राहिलेलं असतं, तिथं. हे ऐकल्यापासून मी नकाशात आमचा जिल्हा पाहिला की त्याच्या काठावर बोट फिरवतो. आणि आमच्या आळीतल्या त्या येरझारा आठवतात, चौक ते घर, घर ते चौक. सुखानं बसलेल्यांकडून काही घडतं का, कोणास ठाऊक. पण बसता न येणं हे काही फार सुखाचं नसतं, हे मला माहीत आहे. माझे पाय आत्ताही टेबलाखाली चालू आहेत.

मी एका खेपेतच कंटाळून परत आलो. मामा जात राहिला. जिथं जिथं अशा टाक्या रिकाम्या होत, भरल्या जात, तिथं शेंडे त्याला न्यायचा. गुडघ्यांना घट्टे पडले. मग एका खेपेला म्हणे तो सहज उभा राहिला, फळ्या पायांखाली घेतल्या आणि ढिगावरून चालत गेला. एक दाणा फुटला नाही. शेंडेनं फोन करून सांगितलं तेव्हा मामीनं आळीभर शेव वाटली.

मग एका साली कापूस आला. दणकून आला. शेजारच्यांची बंडी शेतात उभी होती, मामा गावी होता, आणि कोणीतरी जुन्या सवयीनं हाक मारली, "किसनभाऊ, चढता का?" मामा चढला. डोक्याला फडकं बांधलं, कमरेवर हात ठेवले, शिवारावर नजर फिरवली. आम्ही खालून टोपली देत होतो, मी आणि मामी. मामा चालायला लागला. या टोकापासून त्या टोकाला, सावकाश, सारखा. पाऊल उचलत नव्हता. त्याच्या पायांखाली कापूस थोडा दबे आणि पाय पुढं सरकला की पुन्हा फुगून वर येई.

"खुंदा ना," मामी खालून हळूच म्हणाली.

"खुंदूनच त राह्यलो," मामा म्हणाला.

बंडी भरली. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, कापसाचा ढीग तसाच उभा होता, अर्ध्याहून जास्त. मामानं वरून तो पाहिला, पायांखालच्या कापसाकडे पाहिलं, पुन्हा ढिगाकडे पाहिलं.

"एवढा कापूस उरला काहून?" त्यानं विचारलं.

शेजारी तोंड उघडणार होता. मामीनं त्याच्या हातात टोपलं दिलं.

"अवंदा पीकच लय आलं," ती म्हणाली. "उतरा तुमी. आमी दुसरी बंडी बोलावतो."